मराठवाड्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

३० एप्रिल २०२० रोजी मराठवाडा विकास मंडळाची मुदत संपली. विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र या दोन मंडळांची मुदतही त्याच दिवशी संपली. टाळेबंदीचे दिवस होते. शहरे बंद होती आणि मजुरांचे तांडे पायी आपापल्या गावांकडे निघाले होते. अशा वेळी एका सरकारी मंडळाच्या मरणाची वार्ता कोण घेणार? मुंबईच्या मंत्रिमंडळाने मुदतवाढ वेळेत मागितली नाही, दिल्लीच्या सरकारने ती दिली नाही, आणि राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमाच्या आधाराने सव्वीस वर्षे चाललेली व्यवस्था कोणाच्याही सहीशिवाय बंद पडली. मंडळे मोडण्याचा निर्णय कोणी घेतला, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. कारण तसा निर्णय झालाच नाही. मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवावे, दिल्लीने मुंबईकडे दाखवावे, आणि ज्यांच्यासाठी ही व्यवस्था होती त्या आठ जिल्ह्यांनी दोन्ही बोटांकडे पाहत राहावे, असा हा प्रकार आहे.

केंद्र व राज्ये यांच्यातील सहकार्याची भाषा गेली काही वर्षे फार ऐकू येते. २०१५ मध्ये नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला, तेव्हापासून ‘सहकारी संघराज्य’ हा शब्द सरकारी भाषणांत रूढच झाला आहे. या शब्दाची परीक्षा घ्यायची तर ती तामिळनाडूत किंवा बंगालमध्ये जाऊनच घेतली पाहिजे असे नाही. तेथील भांडणे उघड आहेत, त्यामुळे ती समजायला सोपी आहेत. खरी परीक्षा मराठवाड्यासारख्या प्रदेशात होते. दिल्ली व मुंबई या दोन्ही ठिकाणी एकाच आघाडीचे राज्य असतानाही जे काम होत नाही, त्याला केंद्र-राज्य संघर्ष हे कारण देता येत नाही.

थोडा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने भावी मराठी राज्यातील विभागांना निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे ठरले. मराठवाड्याच्या अविकसित स्थितीमुळे त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष द्यावे, हेही त्यात नोंदले गेले. आणि याविषयीचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, अशी अट घातली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. विकास मंडळे स्थापणे, त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे, विकासखर्चाचे समन्यायी वाटप करणे, तंत्रशिक्षण व सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी देणे, या सर्वांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती आपल्या आदेशाने राज्यपालांवर सोपवू शकतात, असे ते कलम सांगते. ‘सोपवू शकतात’ हे दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ते कलम तब्बल अडतीस वर्षे तसेच पडून राहिले. गुजरातसाठीही तीच तरतूद आहे. तेथे सौराष्ट्र व कच्छ यांची मंडळे कधी स्थापनच झाली नाहीत.

महाराष्ट्रात ती झाली ती लोकांच्या रेट्यामुळे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचे दारिद्र्य उघडे पाडले आणि १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटले. रुंदमापी रेल्वे, पाटबंधारे, उद्योग, नोकऱ्या, अशा त्या मागण्या होत्या. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या स्वातंत्र्यसेनानींनी या प्रश्नाचा पाठपुरावा मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारे आयुष्यभर केला. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि जुलै १९८४ मध्ये विधिमंडळाने मंडळांसाठी ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो ९ मार्च १९९४ रोजी. विधिमंडळाचा ठराव आणि दिल्लीचा आदेश यांत जवळजवळ दहा वर्षे गेली. त्या काळात मुंबईत आणि दिल्लीत अनेक सरकारे आली आणि गेली, आणि बराच काळ दोन्हीकडे काँग्रेसचेच राज्य होते. तेव्हा एका पक्षाचे दुहेरी सरकार म्हणजे आपोआप सहकार्य, हा समज आजचा नाही आणि तो खोटा ठरण्याची ही पहिली वेळही नाही.

दांडेकर समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा ठरवला. त्यापैकी मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाखांचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवरून जो अनुशेष काढला तो १४,००६ कोटींचा भरला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा ४,००४ कोटींहून अधिक होता. या दोन आकड्यांची सरळ तुलना करून अनुशेष पाचपट झाला, असे सभांतून सांगितले जाते. ते शास्त्रशुद्ध नाही. मधल्या दहा वर्षांत किंमती वाढल्या होत्या आणि दोन्ही समित्यांची मापेही एकसारखी नव्हती. परंतु एवढे निश्चित की दहा वर्षे अनुशेषाची चर्चा होऊनही तो मिटला नव्हता, आणि त्याचा निम्म्याहून मोठा भाग सिंचनाचा होता.

अनुशेष मोजण्याची रीत कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. एखाद्या क्षेत्रात, उदाहरणार्थ सिंचनात किंवा रस्त्यांत, राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या खाली आहे त्याला सरासरीपर्यंत आणण्यास किती खर्च येईल ते पाहायचे. तो खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. रीत सोपी आणि प्रामाणिक आहे. पण सरासरी स्थिर राहत नाही. पुढारलेले जिल्हे थांबून मागच्यांची वाट पाहत नाहीत. एका विशिष्ट तारखेचा अनुशेष गोठवून तो भरून काढल्याचे दाखले द्यायचे, आणि त्याच काळात नवे अंतर पडत राहायचे, हा खेळ महाराष्ट्रात दीर्घकाळ चालला. डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये या सर्व प्रश्नाचा पुन्हा विचार करून मोठा अहवाल दिला. तो २०१४ च्या डिसेंबरात विधिमंडळापुढे आला आणि पुष्कळसा तेथेच राहिला.

दुसरी गोष्ट पैशाची. निधी दिला म्हणजे पाणी शेतात पोहोचले असे होत नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांनुसार पिकाखालील एकूण क्षेत्रात ओलिताचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होते, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले. दशकभरात सिंचनावर हजारो कोटी रुपये खर्च झाले आणि वाढ झाली ती एक दशांश टक्क्याची. या एका आकड्याने २०१२ मध्ये राज्याचे राजकारण हादरले होते. राज्यपालांनी २००१ पासून निधीवाटपाचे निर्देश दिले, हे खरे. मात्र निर्देश वाटपाला दिशा देऊ शकतात, ठेकेदाराच्या हिशेबवहीत डोकावू शकत नाहीत.

मग गेले ते काय? मंडळे फार कर्तबगार होती, असा दावा येथे करायचा नाही. त्यांचे अध्यक्ष व सदस्य राज्यपालांनी नेमायचे, आणि त्या नेमणुका अनेकदा सत्ताधाऱ्यांच्या सोयीने व्हायच्या. त्यांच्या हाती स्वतःचा पैसा बेताचाच होता. त्यांचे अहवाल विधिमंडळात गाजले, असेही क्वचितच घडले. परंतु या प्रदेशाचे काय चालले आहे याचा वार्षिक हिशेब मांडणे ज्यांचे घटनादत्त काम आहे, अशी एक जागा तेव्हाच्या औरंगाबादेत होती. अहवाल अपुरा असला तरी तो मागता येत होता. न्यायालयात जाणाऱ्याला त्याचा आधार घेता येत होता. २०२० मध्ये मराठवाड्याने जे गमावले ते म्हणजे हिशेब मागण्याचे ठिकाण.

समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याला येथे एक अडचण जाणवते, आणि ती खरी आहे. राज्यपालपदाकडे आपण संशयाने पाहत आलो आहोत. लोकनियुक्त मंत्रिमंडळावर दिल्लीने बसवलेला पहारेकरी, असा या पदाचा अनुभव केरळपासून महाराष्ट्रापर्यंत अनेक राज्यांनी घेतला आहे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेनंतर राजभवनात झालेला शपथविधी महाराष्ट्र विसरलेला नाही. २०२२ च्या सत्तांतरात राज्यपालांनी विश्वासमत घेण्यास सांगितले ते समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात म्हटले. मग अशा पदाच्या हाती मराठवाड्याच्या निधीचा तराजू द्या, अशी मागणी आपण कोणत्या तोंडाने करायची? आणि ती केली नाही, तर मुंबईतील बहुमतापुढे या प्रदेशाचे रक्षण कोण करणार? २८८ सदस्यांच्या विधानसभेत मराठवाड्याचे आमदार ४६ आहेत. मतदानाने हा प्रदेश कधीही जिंकणार नाही.

या पेचाचे कुरूप रूप २०२१ च्या मार्चमध्ये दिसले. विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त बारा सदस्यांची नावे मंत्रिमंडळाने पाठवली होती आणि राजभवनाने ती अडवून धरली होती. विकास मंडळांचा प्रश्न विधानसभेत निघाला तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहातच सांगितले की, ज्या दिवशी ती बारा नावे जाहीर होतील त्या दिवशी मंडळेही जाहीर होतील. राज्यपालांची ती अडवणूक घटनेच्या दृष्टीने चुकीची होती, यात शंका नाही. पण तिच्या बदल्यात मराठवाडा आणि विदर्भ यांना ओलीस ठेवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला कोणी दिला? दोन सत्तास्थानांच्या भांडणात तिसऱ्याच्या ताटातील भाकरी काढून घेण्यात आली. हे करणारे सरकार आपल्या मित्रपक्षांचे होते म्हणून त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

पुढे सरकार बदलले. २७ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळांच्या पुनर्रचनेचा निर्णय घेऊन केंद्राला विनंती करण्याचे ठरवले. आता अडथळा कोणता उरला? तरी २०२४ साल संपेपर्यंत मंडळे अस्तित्वात आली नव्हती. याच्या शेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहावी. औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर करण्याचा ठराव त्याच सरकारने १६ जुलै २०२२ रोजी केला आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची संमती आली. सव्वासात महिन्यांत काम पूर्ण झाले. नामांतराच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करायची नाही. एवढेच पाहायचे की मुंबई व दिल्ली यांची इच्छा असली की कागद किती वेगाने फिरतात. मंडळांचा कागद फिरला नाही, याचा अर्थ सरळ आहे.

मंडळांच्या जागी आले ते पॅकेज. ऑक्टोबर २०१६ मध्ये या शहरात मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी सुमारे ४९ हजार कोटींची घोषणा झाली. १६ सप्टेंबर २०२३ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या आदल्या दिवशी, पुन्हा बैठक झाली आणि आकडा सुमारे ५९ हजार कोटींवर गेला. या आकड्यांत नवा पैसा किती, आधीच मंजूर झालेल्या योजनांची सुधारित किंमत किती, केंद्राच्या योजनांचा हिस्सा किती, हे वेगळे काढून दाखवण्याची सक्ती कोणावर आहे? कोणावरही नाही. पॅकेज म्हणजे राजाने दरबार भरवून दिलेली खैरात. ती मिळाल्याबद्दल टाळ्या वाजवायच्या असतात, हिशेब मागायचा नसतो.

केंद्र व राज्य यांच्या भागीदारीतील कामे होतच नाहीत असे नव्हे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे राज्याने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गाडी बीडपर्यंत आली. तीस वर्षे लागली. एका हप्त्याला दिल्लीचा हात आखडायचा, दुसऱ्याला मुंबईचा, आणि खर्चाचा अंदाज वाढत जायचा. सहकार्य होते, पण ते न पाळल्यास जाब विचारणारे कोणी नव्हते.

उलट उदाहरणही याच प्रदेशातले आहे. जायकवाडीचे पाणी हा मराठवाड्याचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न. वर नाशिक-अहिल्यानगरकडे धरणे बांधली गेली आणि खाली पैठणचा नाथसागर रिकामा राहू लागला. येथे मराठवाड्याला थोडाफार न्याय मिळाला तो राज्यपालांच्या कृपेने नाही आणि मंत्र्यांच्या औदार्यानेही नाही. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक बनवले. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ते लागू केले: १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही चौकट उचलून धरली. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये पाणी सोडले गेले. आंदोलने झाली, दिरंगाई झाली, वाटेत पाणी मुरले, तरी सोडले गेले. ठरलेला नियम, तो लावणारी संस्था आणि तो मोडल्यास जाण्यासाठी न्यायालय, या तिन्ही गोष्टी असल्या की दुबळ्या प्रदेशाला याचना करावी लागत नाही.

निधीच्या बाबतीत असा नियम अशक्य आहे का? केंद्र व राज्ये यांच्यात तो कित्येक दशके चालू आहे. घटनेच्या २८० व्या कलमाखालील वित्त आयोग दर पाच वर्षांनी करांचा वाटा सूत्राने ठरवतो. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के भार ‘उत्पन्नातील अंतर’ या निकषाला होता; जे राज्य जितके गरीब, त्याला तितके अधिक. महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले. आपण कर अधिक देतो आणि आपल्याला परत कमी मिळते, ही मुंबईतील राज्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे. ती तक्रार करण्याचा त्यांना हक्क आहे. पण बिहारला अधिक मिळावे हे ज्या तत्त्वाने ठरते, त्याच तत्त्वाने हिंगोलीला आणि धाराशिवला अधिक मिळावे, हे मुंबईने स्वतःच्या घरात कधी मान्य केले नाही. राज्यांच्या हक्कांसाठी दिल्लीशी भांडणारे सरकार जिल्ह्यांच्या हक्कांविषयी मात्र दिल्लीसारखेच वागते. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली ती गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांची होती. आपल्याकडे संघराज्याची चर्चा वरच्या दोन खांबांवरच थांबते. ज्या महिन्यात विकास मंडळ संपले त्याच महिन्यात या शहराच्या महापालिकेची मुदतही संपली, आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. खालचे खांब असे एकामागून एक निखळले.

सीमेपलीकडे पाहिले तर वेगळे चित्र आहे. बिदर, कलबुर्गी, रायचूर हे जिल्हे मराठवाड्याचे जुने सोबती; निजामाच्या राजवटीत एकाच दैन्यात वाढलेले. कर्नाटकच्या विधिमंडळाने त्यांच्यासाठी विशेष दर्जाची मागणी केली, केंद्राने आधी ती नाकारली, पुढे डिसेंबर २०१२ मध्ये संसदेने ९८ वी घटनादुरुस्ती करून ३७१-जे हे कलम घातले. त्यानुसार तेथील स्थानिकांना शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या, विकास मंडळ झाले, आणि त्या मंडळाचे नेतृत्व लोकप्रतिनिधींकडे राहिले. तेथे सगळे आलबेल आहे असे नाही. तरीही उदगीरचा विद्यार्थी बिदरच्या विद्यार्थ्याकडे पाहून जो प्रश्न विचारतो त्याला उत्तर नाही.

म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे. ‘मंडळे पुन्हा स्थापा’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. जुनी मंडळे जशीच्या तशी आली तर पुन्हा एखाद्या मुदतीच्या दिवशी निमूटपणे मरतील. राष्ट्रपतींच्या आदेशात मुदतीची अट नको. मंडळात जिल्हा परिषदांचे व महापालिकांचे निवडून आलेले प्रतिनिधी बहुसंख्य हवेत आणि अध्यक्ष त्यांनी निवडावा. निधीवाटपाचे सूत्र विधिमंडळाने कायदा करून ठरवावे, त्यात उत्पन्नातील अंतराला ठरावीक भार असावा आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार व्हावा. राज्यपालांकडे एवढेच काम राहील की सूत्र पाळले गेले की नाही याचा अहवाल सभागृहापुढे ठेवणे. न पाळल्यास मंत्रिमंडळाने कारणे द्यावीत. अशाने राज्यपालांचा स्वेच्छाधिकार वाढत नाही, उलट त्यांच्यावरही बंधन येते. राज्याच्या स्वायत्ततेलाही त्याने बाध येत नाही, कारण सूत्र विधिमंडळाचेच असेल.

यातील आदेशाचा भाग दिल्लीच्या हाती आहे, पण सूत्राचा कायदा करण्यासाठी दिल्लीकडे जाण्याची गरजच नाही. ते काम महाराष्ट्राचे विधिमंडळ एका अधिवेशनात करू शकते. मराठवाड्यातील ४६ आमदारांपैकी कोणीही, सत्ताधारी असो वा विरोधी, त्यासाठी अशासकीय विधेयक आणू शकतो. पक्षाच्या जिल्हा शाखांनी आपापल्या आमदाराकडे शिष्टमंडळ घेऊन जावे आणि एकच लेखी प्रश्न ठेवावा: २०२०-२१ पासूनच्या प्रत्येक वर्षी विकासखर्चाचा किती हिस्सा मराठवाड्यात प्रत्यक्ष खर्च झाला, आणि तो हिशेब सभागृहापुढे कोणत्या तारखेला ठेवला जाणार आहे?